खालच्या पट्टीतली डेथ फेरी

८ जानेवारी २०१२, डुलुथ

आजपासून रोजनिशी. हौस म्हणून नव्हे, कर्तव्य म्हणून. डेथ फेरी, म्हणजे मृत्यूची बोट, या बँडचं चरित्र आज ना उद्या कुणीतरी लिहिणारच, आणि त्या बिचाऱ्याला साधनसामग्री लागेल. वेंडेलला विचारलं तर तो ‘बरं चाललं होतं’ एवढंच सांगेल. मार्लीसला विचारलं तर ती खरं सांगेल. म्हणजे जबाबदारी माझ्यावरच आली.

मी कर्ट हॅगलंड, रंगमंचावर कर्ट हॅमर. गाणं, गिटार आणि दिशा माझी. ड्रमवर वेंडेल ओयाला; एरवी तो शाळेची बस चालवतो. बेस गिटारवर माझी धाकटी बहीण मार्लीस. ती त्याच शाळेत नर्स आहे. मी स्वतः बर्फ उडवायची यंत्रं विकतो, पण ते चरित्रात येऊ नये.

आमच्या संगीताची पर्वं अशी. पहिलं अग्निपर्व, १९८३पासून. इतका फाटका, गुरगुरता आवाज तेव्हा अख्ख्या मिनेसोटात कुणाचा नव्हता. माझ्या स्पीकरचा पडदा कुत्र्याने फाडला होता हे खरं, पण तो तसाच ठेवायचा हा निर्णय माझा. मग विलंबित पर्व. सगळी गाणी निम्म्या गतीने. बंद पडलेल्या खाणींचं दुःख त्यात ऐकू येतं असं छापून आलं होतं. वेंडेलची पाठ त्याच वर्षी लचकली होती, पण तो योगायोग. मग चिंतनपर्व, अगदी हलक्या आवाजातलं. मार्लीसची मुलगी तेव्हा तान्ही होती आणि पाळणा तालमीच्या गॅरेजमध्येच असे. त्यानंतर दाढीपर्व, त्यात आम्ही सगळ्यांनी दाढ्या राखल्या, मार्लीस सोडून.

गेली आठ वर्षं आमचा अल्बम नाही. आता येणार. नवं पर्व कुठलं ते अजून ठरलेलं नाही, पण ते मला सुचेलच. नेहमी सुचतं.

२२ जानेवारी

वेंडेलच्या गॅरेजमध्ये तालीम. ड्रमच्या झांजांबद्दल आज स्पष्टच बोललो.

“वेंडेल, या झांजा मेल्यात रे. शेजारच्या घरात कुणी ताटल्या विसळतंय असं वाटतं.”

“त्याच आहेत,” वेंडेल म्हणाला.

“त्याच म्हणजे?”

“होत्या त्याच.”

“मग जोरात मार!”

त्याने मारलं. त्याचा कुत्रा उठला आणि बाहेर बर्फात जाऊन बसला. मार्लीसने कानांत कापूस घातला. पन्नाशी जवळ आली की माणसाला आवाज सोसत नाही. शिवाय ती हल्ली पुटपुटते. पूर्वी काय खणखणीत बोलायची! तिला तसं म्हटलं, तर ती त्यावरही काहीतरी पुटपुटली.

निघताना वेंडेलने मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, “मोना तापलीय. येतोस?”

मी चाट पडलो. त्याची बायको जाऊन चार वर्षं झाली, माणसाला सोबत हवी, सगळं मान्य. पण त्या बाईबद्दल हे असं बोलणं? आणि वर मला आमंत्रण? मी म्हणालो, “तुमच्या दोघांत मी कशाला?” तो माझ्याकडे बघत राहिला, मग खांदे उडवून आत गेला. माणूस शांत असला की काय काय दडवतो!

५ फेब्रुवारी

मिनिआपोलिसहून बर्नाडेटचा फोन. तिची छोटी रेकॉर्ड कंपनी आहे, ध्वनिमुद्रणही ती स्वतःच करते. आमचा अल्बम काढायला ती तयार आहे, आधी नमुन्यादाखल दोन गाणी पाठवा म्हणाली. फक्त एक अट: “या वेळी जरा मस्तीत वाजवा.”

हीच तर माझी भाषा! लगेच गॅरेजमध्ये दोन गाणी मुद्रित केली. मी गिटार दातांनीही वाजवली.

१२ फेब्रुवारी

नमुना ऐकून बर्नाडेटने मला नाही, मार्लीसला फोन केला. मार्लीस दुकानात आली आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“ती ‘शिस्तीत’ म्हणाली होती, महाराज. शिस्तीत!”

“मस्तीत म्हणाली. मी स्वतः ऐकलं.”

“तेच तर,” मार्लीस म्हणाली. मग तिचा चेहरा एकदम बदलला. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, रस्त्यात ओळखीच्या माणसाला बघावं आणि नाव आठवू नये तशी. मी एका शेतकऱ्याला यंत्र चालू करून दाखवत होतो, म्हणून विषय तिथेच राहिला.

१७ मार्च

मार्लीसकडे जेवायला गेलो. तिने ओव्हनमधला हॉटडिश केला होता, वर बटाट्याच्या कुरकुरीत गोळ्या. जेवण झाल्यावर तिने एक पेटी काढली. शाळेत पोरांचे कान तपासायचं नवं यंत्र आलंय म्हणे, पोरांवर वापरण्याआधी कुणावर तरी चालवून बघायचं होतं.

“हे कानाला लाव. टुंय वाजलं की हात वर कर. सोपं आहे, सहा वर्षांची पोरं करतात.”

यंत्र बिघडलेलं होतं. सुरुवातीला दोनचार टुंय आले, मग काहीच नाही. पण बिचारीचा विरस नको, म्हणून मी अंदाजाने हात वर करत राहिलो. अंदाज कसला, लयीत! चार मात्रा मोजायच्या आणि हात वर. तीस वर्षांचा कसलेला कलावंत आहे मी, कुठे चुकणार?

तिने कागदावर रेघ काढली आणि तिच्याकडे बघत बसली.

“काय, पास ना?” मी विचारलं.

“यंत्र बिघडलंय,” ती म्हणाली. हे मात्र स्पष्ट बोलली, माझ्याकडे तोंड करून. मग भांडी घासायला उठली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. परत आली तेव्हा डोळे लाल होते. हॉटडिशमध्ये कांदा फार झाला होता, हे मी तिला सांगणार होतो, पण राहून गेलं.

१९ मार्च

मार्लीसने आज फोनवर विनाकारण बाबांचा विषय काढला. फोनवर ती जास्तच पुटपुटते, त्यामुळे निम्मं मी भरून घेतलं.

बाबा बंदरावर लोखंडाच्या दगडाचा धक्का सांभाळायचे. दिवसभर जहाजांच्या पोटात दगड ओतायचा गडगडाट. शेवटी ऐकू येईनासं झालं, पण कबूल करायचे नाहीत. चर्चच्या गायनवृंदात खर्जाचे स्वर लावायचे आणि एक ओळ मागे राहायचे. कुणी काही बोलत नव्हतं. मग एका थँक्सगिव्हिंगला, सगळी टर्कीवर वाकलेली असताना, चौदा वर्षांची मार्लीस म्हणाली, “बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही. चर्चमध्ये सगळे हसतात.”

बाबा उठले आणि तळघरात गेले. त्यानंतर ते ना चर्चला गेले, ना गायले. जेवायलासुद्धा वर यायचे नाहीत.

हट्टी माणूस. एवढं सोपं होतं, डॉक्टरकडे जायचं! स्वतःचा दोष स्वतःला कसा दिसत नाही माणसाला, मला कोडंच आहे.

३१ मार्च

सरोवरातला बर्फ फुटला. मोसमातलं पहिलं मोठं जहाज आज आलं. मार्लीसने बळेच कालव्यावर नेलं. पुलाखालून जहाज जाताना भोंगा वाजला. आहाहा! मला तो कानांनी ऐकू आला, छातीत ऐकू आला, बुटांच्या तळव्यांतून वर चढला. डोळे मिटले. किती दिवसांनी काहीतरी पुरतं ऐकल्यासारखं वाटलं.

डोळे उघडले तर मार्लीस जहाजाकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

“हा ऐकू आला?” तिने विचारलं.

“कुणाला नाही येणार?”

तिने जाकिटाच्या खिशातून सूर जुळवायची शिट्टी काढून तोंडात धरली आणि काहीतरी ताडून बघितलं. विक्षिप्त आहे, पण माझीच बहीण.

११ एप्रिल

अनर्थ! वेंडेल तालमीला झांजांशिवाय बसला. गॅरेजमध्ये होते फक्त मोठे ढोल, आणि काठ्यांच्या टोकांना लोकर गुंडाळलेली.

“झांजा कुठायत?”

“खांदा,” वेंडेल म्हणाला.

“काय झालं खांद्याला?”

त्याने मार्लीसकडे बघितलं. मार्लीस म्हणाली, “डॉक्टरने हात वर करायला बंदी केलीय.” ती हे सांगत असताना वेंडेलने मान डोलावली आणि वरच्या फळीवरून कॉफीचा डबा काढला, त्याच हाताने.

मार्लीसनेही बेसच्या तारा इतक्या सैल केल्या होत्या की त्या दोरीसारख्या हलताना दिसत होत्या. “पट्टी खाली घेऊ या,” ती म्हणाली, माझ्यासमोर येऊन, तोंड पूर्ण उघडून. हल्ली दोघंही तसंच बोलतात, लहान मुलाशी बोलावं तसं. मी ठाम नकार दिला. डेथ फेरी म्हणजे धार! धार काढली तर उरतं काय?

पण मग ती दोघं वाजवू लागली.

१५ एप्रिल

नवं पर्व मला सुचलं आहे.

झांजा म्हणजे तारुण्याचा खुळखुळा. धातूचा तो सगळा किणकिणाट टाकून द्यायचा आणि खाली उतरायचं, सरोवराच्या तळाशी, जिथे बुडालेली जहाजं पडलीत. संथ, जड, खर्जातलं संगीत. मूळ स्वर जहाजाच्या भोंग्याचा! तालमीला गेल्या गेल्या दोघांना हे सविस्तर समजावलं. वेंडेल म्हणाला, “भारी.” मार्लीस म्हणाली, “तुला कसं रे सुचतं, कर्ट?” तिच्या कौतुकात कधी कधी खोच असते, पण आज मी खोच बाजूला काढून कौतुक तेवढं घेतलं.

खरं सांगायचं तर आज प्रत्येक ठोका मला ऐकू आला. प्रत्येक! कितीतरी वर्षांत असं झालं नव्हतं. वयानुसार कान पिकतो म्हणतात तो असा.

१२ जून, मिनिआपोलिस

मुद्रण सुरू. बर्नाडेट पन्नाशीची आहे, केस पांढरे, डोळा बारीक. काल ती आणि मार्लीस काचेपलीकडे तासभर बोलत होत्या. मला काही ऐकू आलं नाही, काच जाड असावी.

आज बर्नाडेटने मला लाकडी फळ्यांच्या चौथऱ्यावर उभं केलं. त्याच चौथऱ्यावर मार्लीसचा भलामोठा स्पीकर, जमिनीकडे तोंड करून.

“बूट काढ,” ती खुणेने म्हणाली.

“का?”

“मोजेही.”

माझ्या डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता, म्हणून मी जरा वाद घातला. पण काढले. आणि पहिला स्वर पायांतून आला तेव्हा मला कळलं, बर्नाडेटला माझ्यातली आध्यात्मिक बाजू दिसली आहे. गाणं एका दमात झालं. सूर जरासुद्धा हलला नाही. वेंडेलने पहिल्यांदाच अंगठा वर केला. मार्लीस माझ्या मागे तिच्या माइकजवळ उभी होती. तिला माइक कशाला लागतो, हे विचारायचं राहिलं.

२० जून

बर्नाडेटने बँडच्या नावातलं ‘डेथ’ गाळायला सांगितलं. “हे ऐकून कुणाला मरणाची भीती वाटत नाही,” म्हणाली, “घरी पोचल्यासारखं वाटतं.” मी तासभर भांडलो. तिघं एका बाजूला, मी एका बाजूला. शेवटी मार्लीस म्हणाली, “कर्ट, फेरी तेवढी राहू दे. तुला कुणी बोटीतून उतरवत नाहीये.”

आता आम्ही नुसते ‘फेरी’. रात्रभर वाईट वाटलं. सकाळी लक्षात आलं की टाकून देणं हाच या पर्वाचा गाभा आहे, आणि मी तो एप्रिलमध्येच मांडला होता.

१४ सप्टेंबर

अल्बम आला! परवा ट्रेव्हर नावाच्या समीक्षकाने माझी फोनवर मुलाखत घेतली होती. पुटपुट्या माणूस. म्हणाला, “तुम्ही हल्ली काय खाता?” समीक्षकांना कलावंताच्या आयुष्यातलं सगळंच हवं असतं, म्हणून मी मोकळेपणाने सांगितलं: “धुरी दिलेला मासा. बहुतेक रोज.” मग त्याने आणखी काही विचारलं, मी म्हणालो, “थोडं मीठ, बाकी काही नाही.”

आज छापून आलं: “हॅमर यांना विचारलं की तुम्ही हल्ली काय ऐकता. ते म्हणाले, मासा. आणि त्यात आणखी काय भर घालावीशी वाटते, तर थोडं मीठ. या उत्तरापुढे मी वही मिटली. तीस वर्षं गोंगाट केल्यावर या माणसाने ऐकण्याची कला आत्मसात केली आहे.”

छपाईत ‘खाता’चं ‘ऐकता’ झालंय, पण एकंदर परीक्षण उत्तम. मार्लीसने ते वाचलं आणि उठून स्वयंपाकघरात गेली. तिचे खांदे हलत होते. आनंदाश्रू असावेत.

६ ऑक्टोबर

दुकानात बुच आला होता. अग्निपर्वापासूनचा आमचा चाहता, दंडावर आमच्या बँडचं नाव गोंदलेला. अल्बम ऐकला म्हणाला. मी छाती पुढे केली.

“माझी आई झोपी गेली,” तो म्हणाला.

“अरेरे.”

“तिला वर्षभर झोप नव्हती, कर्ट. रोज लावते आता.” मग दंडाकडे बघून म्हणाला, “या ‘डेथ’चं काय करू पण?”

मी म्हणालो, लांब बाह्यांचा शर्ट घाल.

२० ऑक्टोबर, मिनिआपोलिस

हे लिहिताना पेनाने दोनदा कागद फाडला. रागाने.

एवढं मोठं सभागृह आम्हाला कधीच मिळालं नव्हतं. तिकिटं संपलेली. पण रंगमंच काँक्रीटचा, वर जाड गालिचा. मी अनवाणी उभा राहिलो आणि पायांना काहीच लागेना. पहिली दोन गाणी निभावली. तिसऱ्यात मी डोळे मिटून कडवं संपवलं, पुढचं घेतलं, तेही संपवलं, डोळे उघडले तर वेंडेलच्या काठ्या मांडीवर. मार्लीस स्वस्थ उभी. गाणं त्यांनी संपवलं होतं. कधी, देव जाणे! लोक हसत नव्हते. श्वास रोखून बघत होते, ते जास्त वाईट.

मग मार्लीस पुढे आली, माझ्या पाठीला पाठ लावून उभी राहिली आणि पुढचं गाणं सुरू केलं. तिच्या बरगड्यांतून स्वर मला लागला. शेवटपर्यंत ती तशीच उभी होती. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. ट्रेव्हर रंगमंचामागे येऊन म्हणाला, मी साथीशिवाय एकट्याने गायलेली ती दोन कडवी म्हणजे संध्याकाळचा कळस.

तो गेल्यावर मी दोघांना धारेवर धरलं. “मला न सांगता गाणी आखूड करता? पट्टी बदलता? माझ्या यशावर जळता तुम्ही!”

मार्लीस म्हणाली, “कर्ट, घरी जाऊन बोलू.”

“आत्ता बोल! आणि पुटपुटू नकोस!”

वेंडेल काठ्या पिशवीत भरत होता. तो उठला, माझे दोन्ही खांदे धरले, दोन्ही हातांनी, दुखरा खांदा वगैरे काही नाही. आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाला, “कर्ट. तू. बहिरा झालायस.”

मार्लीसने तोंडावर हात दाबला.

वेंडेल एका वाक्यात पाच शब्दसुद्धा बोलत नाही. तोही एकदाचा बोलला तर हे! मत्सर माणसाला कुठल्या थराला नेतो बघा. मी बसने एकटाच घरी निघालोय.

२ नोव्हेंबर

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. वेंडेल हरणाच्या शिकारीचं सामान घेऊन जंगलात गेलाय. मार्लीसचे फोन मी घेत नाही.

आज कॉफीसाठी नवी किटली आणली. जुनीची शिट्टी बिघडली म्हणून टाकली होती. नवी गॅसवर ठेवली आणि वाट बघत बसलो. वाफ येत होती, शिट्टी नाही. हीसुद्धा बिघडलेली! पिशवीत पावती शोधत होतो, तेवढ्यात दार हादरलं. शेजारची मिसेस टोफ्टे, अंगात कोट, केसांना गुंडाळ्या.

“मिस्टर हॅगलंड, ती शिट्टी बंद करा हो! केव्हाची केकाटतेय. आमचा पोपट वेडा झालाय!”

मी मागे वळून बघितलं. किटली गप्प होती. वाफ सरळ छताला लागत होती.

गॅस बंद केला. मिसेस टोफ्टेचा चेहरा सैल झाला. म्हणजे खरंच वाजत होती.

४ नोव्हेंबर

तळघरात बसलो होतो. का ते माहीत नाही. तिथे गरम पाण्याची टाकी आहे, तिच्यावर हात ठेवला की ती चालू झालेली कळते.

मार्लीस जिना उतरून आली. तिच्याकडे किल्ली आहे. माझ्यासमोर उलट्या बादलीवर बसली.

“वर चल.”

“किती दिवसांपासून माहीत होतं?”

“मार्चपासून. तू लयीत हात वर करत होतास, वेड्या. शेवटी शेवटी मी एकही टुंय वाजवत नव्हते, तरी तुझा हात आपला वरखाली.”

“आणि तू बोलली नाहीस? तू? मी जरा बेसूर झालो की रस्त्याच्या पलीकडून ओरडणारी तू?”

तिने बादली माझ्याजवळ ओढली. मग हळू बोलली, पण ओठ मला दिसत होते. “एकदा बोलले होते मी. चौदा वर्षांची असताना. बाबा परत गायले नाहीत. दुसऱ्यांदा नसतं जमलं मला. म्हणून म्हटलं, तू आहेस तिथेच राहा. गाणंच तुझ्याकडे आणू.”

“म्हणजे झांजा...”

“वेंडेलने आपणहून काढल्या. बायको गेल्यावर तू रोज त्याच्याकडे जेवण घेऊन जायचास, ते तो विसरलेला नाही.”

“आणि भोंग्याची पट्टी? अनवाणी पाय?”

“कर्ट,” ती म्हणाली, “तुझ्या कल्पना होत्या त्या. एप्रिलमध्ये तूच सांगितल्यास की.”

मला हसू आलं आणि मग बाकीचं सगळं आलं. टाकीवर डोकं टेकून रडलो. ती बादलीवर बसून राहिली. वर जाऊन दोघांनी मक्याचं सूप खाल्लं.

२७ नोव्हेंबर

कानांत यंत्रं बसवली, दोन्हीकडे. जग फार हलकट जागा आहे. कागदी पिशवी म्हणजे गोळीबार. वेंडेलचं जाकीट चालताना किंचाळतं. मी स्वतः घास चावतो ते घोड्यासारखं, आणि आजवर कुणी सांगितलं नाही.

वेंडेलकडे गेलो. हरणाच्या मांसाचं पुडकं त्याने हातात दिलं. मला माफी मागायची होती, त्याला ती ऐकायची नव्हती. मग तो म्हणाला, “सॉना तापलाय. येतोस?”

सॉना. फिनिश लोकांची ती वाफेची लाकडी खोली, वेंडेलच्या अंगणात उभी आहे, मी तिच्या बाजूने हजारदा गेलोय. मी त्याला मोनाबद्दल सांगितलं. वेंडेल ओयालाला मी हसताना कधी बघितलं नव्हतं. तो दाराची चौकट धरून खाली बसला.

कानातली यंत्रं बाहेर खिडकीत काढून ठेवली आणि आत गेलो. आत बोलायची गरज नसते.

२ डिसेंबर

अल्बम आज पहिल्यांदा ऐकला. म्हणजे खरा ऐकला.

ढोल तेच. बेस तोच. माझा आवाज जरा खरखरीत, पण ठीक. आणि त्याच्या वर आणखी एक आवाज. पातळ, उंच, गोठलेल्या काचेवरून बोट फिरवावं तसा. प्रत्येक गाण्यात. मी जिथे घसरतो तिथे तो माझ्या अगदी जवळ येतो, कोपराला धरून नेतो आणि पुन्हा वर जाऊन उभा राहतो. अल्बमच्या वेष्टणावर त्याचं नाव नाही.

मला वाटलं बर्नाडेटने बाहेरून कुणी गायिका आणली. फोन केला.

“कोण म्हणजे?” ती म्हणाली. “तुझी बहीण.”

मी पुन्हा पहिल्यापासून लावला. आमच्या घरातला एक आवाज मी कधी ऐकलाच नव्हता.

९ डिसेंबर

तालीम. वेंडेलने माझ्यासाठी म्हणून झांजा परत लावल्या होत्या. एकदाच मारल्या. मी गॅरेजच्या टोकाला जाऊन भिंतीला चिकटलो. “काढ त्या!” वेंडेलने काढल्या. तो खुशीत दिसला.

मग मी मार्लीसला म्हणालो, “तू समोर ये. मी मागे.”

“मी? नाही बाबा. मी नर्स आहे.”

“अल्बमभर गायलीस ना?”

“ते तुझ्यासाठी होतं.”

“मग आता माझ्यासाठी समोर ये.”

ती लाल झाली, बेस घट्ट धरला, पण आली. पहिली दोन कडवी ती एकटीने गायली. वेंडेल ढोलावर वाकून वाजवत होता, मान वर करत नव्हता. तिसऱ्या कडव्याला मी मागून सूर लावला, आणि आयुष्यात पहिल्यांदा यंत्रं लावून, जसाच्या तसा, स्वतःला ऐकलं.

थांबलो. “मी नेहमीच एवढा बेसूर गायचो?”

मार्लीस बेसच्या तारा जुळवू लागली. त्या जुळलेल्याच होत्या.

“नाही,” वेंडेल म्हणाला. जरा विचार केला. “पूर्वी जोरात गायचास.”

घरी निघण्यापूर्वी मी दोघांना बसवून अधिकृतपणे जाहीर केलं: यापुढे मार्लीस गाणार, मी गिटार वाजवणार आणि गरज पडली तरच तोंड उघडणार. हे फेरीचं सहावं पर्व, आणि ही कल्पना सर्वस्वी माझी.

दोघंही गप्प. मी यंत्रांची बॅटरी तपासली. चालू होती.